लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेतली भूल: गॅस कोणता, औषध कोणतं आणि डोस कोणत्या वजनावर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण सर्जनला पुष्कळ प्रश्न विचारतात. भूलतज्ज्ञांना मात्र एकच विचारतात: "जाग येईल ना?" येते. पण कशी येते, किती स्वच्छ येते आणि जाग आल्यावर श्वास नीट चालतो का, हे आधीच्या बऱ्याच निर्णयांवर ठरतं. रुग्ण, घरचे लोक आणि तालुक्याच्या गावातले फॅमिली डॉक्टर अशा तिघांनाही उपयोग व्हावा म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

या ऑपरेशनला पूर्ण भूलच का? सिझरला देतात तसं कमरेत इंजेक्शन देऊन भागत नाही का?

नाही भागत. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं अरुंद करणं) असो की बायपास (जठर लहान करून अन्नाची वाट बदलणं), काम दुर्बिणीने होतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब तासभर किंवा त्याहून जास्त वेळ ठेवावा लागतो. त्या दाबाने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो. लठ्ठ माणसाची फुफ्फुसं आडवं झोपल्यावर आधीच दबलेली असतात. जाग्या माणसाला हे सोसणार नाही. म्हणून श्वासनलिकेत नळी, स्नायू सैल करणारं औषध आणि व्हेंटिलेटर, तिन्ही लागतात.

'पूर्ण भूल' म्हणजे एकच औषध असतं का?

चार-पाच औषधं मिळून ती भूल होते. झोप आणणारं, झोप टिकवणारं, वेदना थांबवणारं, स्नायू सैल करणारं आणि शेवटी तो सैलपणा उतरवणारं. झोप आणायला मोठ्या माणसांत बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं इंजेक्शनच वापरतात. तुलनेचा खरा प्रश्न पुढचा आहे: ती झोप दीड-दोन तास टिकवायची कशावर? नळीतून गॅस देऊन, की शिरेतून प्रोपोफॉल चालू ठेवून?

सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन, आयसोफ्लुरेन यांत फरक काय?

भुलेचे हे तिन्ही गॅस बाटलीत द्रवरूप असतात आणि मशीनवरच्या व्हेपोरायझरमधून वाफ होऊन श्वासात जातात. गॅस रक्तात जितका कमी विरघळतो, तितका तो लवकर चढतो आणि लवकर उतरतो. हा आकडा डेसफ्लुरेनचा सुमारे ०.४५, सेव्होफ्लुरेनचा ०.६५ आणि आयसोफ्लुरेनचा १.४ आहे. चरबीत मुरण्याचं प्रमाणही डेसफ्लुरेनचं सगळ्यांत कमी. रक्ताच्या तुलनेत डेसफ्लुरेन चरबीत सुमारे २७ पट साठू शकतं, बाकीचे दोन्ही ४५ ते ५० पट.

आकडे वाचून वाटतं की १२० किलोच्या माणसाला डेसफ्लुरेनच हवं, नाहीतर गॅस चरबीत अडकून तो दिवसभर झोपेल. पण चरबीचा रक्तपुरवठा फार कमी असतो. कापसाच्या गासडीवर तासभर पाणी शिंपडलं तर वरचा थर भिजतो, आतला कापूस कोरडाच राहतो. चरबीचंही तसंच. दीड तासाच्या स्लीव्हमध्ये गॅस चरबीत खोलवर पोहोचतच नाही. ऑपरेशन चार-पाच तास लांबलं, तर मात्र हा फरक जाणवू लागतो आणि आयसोफ्लुरेन मागे पडतं.

लठ्ठ रुग्णांवर डेसफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेनची तुलना अनेकदा झाली आहे. डेसफ्लुरेनने डोळे काही मिनिटं लवकर उघडतात, नळीही काही मिनिटं आधी निघते. रुग्णालयातून घरी जाण्याचा दिवस मात्र त्याने अलीकडे येत नाही.

मग डेसफ्लुरेन सगळीकडे का वापरत नाहीत?

डेसफ्लुरेन सुमारे २३ अंशांना उकळतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात असतो, म्हणजे एसी बंद पडलेल्या खोलीत उघडं राहिलं तर ते उकळणार. त्याच्या बाटलीच्या तोंडाला झडप असते आणि ती त्याच्या स्वतःच्या व्हेपोरायझरलाच बसते. तो व्हेपोरायझर विजेवर चालतो. आतलं औषध ३९ अंशांना तापवून, सुमारे दोन वातावरणांच्या दाबाखाली ठेवून मोजून सोडतो. वीज गेली आणि बॅकअप लागला नाही, तर गॅस बंद होतो आणि अलार्म वाजतो. सेव्होफ्लुरेनच्या व्हेपोरायझरला वीज लागतच नाही. जिथे जनरेटर लागायला मिनिटभर जातो, तिथे ही बाब किरकोळ नाही. डेसफ्लुरेन वापरायचंच असेल तर मशीन यूपीएसवर हवं आणि प्रोपोफॉलची भरलेली सिरिंज हाताशी हवी.

शिवाय ते घशाला झोंबतं. मास्कवर दिलं तर खोकला येतो, स्वरयंत्र आवळतं. प्रमाण एकदम वाढवलं तर नाडी आणि बीपी उसळी मारतात, आणि लठ्ठ रुग्णांत बीपीचा त्रास आधीच असतो. झोप टिकवायला सेव्होफ्लुरेन सुमारे २ टक्के पुरतं, डेसफ्लुरेन ६ टक्के लागतं. त्यामुळे औषध जास्त खपतं आणि खर्च वाढतो.

हवेचा प्रश्नही आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात डेसफ्लुरेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २५०० पट तापमानवाढ करतं. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून अगदी वैद्यकीय गरज असल्याशिवाय ते वापरता येत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: चांगल्या हातात सेव्होफ्लुरेन असेल, तर डेसफ्लुरेनसाठी दुसरं रुग्णालय शोधण्याची गरज नाही.

शिरेतून दिलेलं प्रोपोफॉल गॅसपेक्षा चांगलं का?

एका बाबतीत नक्की चांगलं: उलट्या कमी होतात. पोटाची नुकतीच स्टेपल केलेली शिवण असताना ओकाऱ्या येणं फार त्रासाचं असतं. प्रोपोफॉलसोबत डेक्सामेथासोन आणि ऑन्डॅनसेट्रॉन ही उलटी रोखणारी औषधं दिली आणि फेंटानिलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं कमीत कमी ठेवली, की फरक दिसतो.

पण गॅसची एक सोय प्रोपोफॉलला नाही. गॅस टक्क्यांत मोजतात, किलोवर नाही. प्रत्येक उच्छ्वासात किती टक्के आहे ते मॉनिटर दाखवतो. प्रोपोफॉल रक्तात किती आहे हे थिएटरमध्ये मोजता येत नाही, औषध सोडणारा पंप गणिताने अंदाज करतो. त्यात जाड हातावर शीर सापडणं अवघड. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) शिरेबाहेर सरकली तर औषध चरबीत जातं, हात कपड्याखाली झाकलेला, आणि पंपावर मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून नियम सोपा आहे: प्रोपोफॉल ज्या कॅन्युलातून चालू आहे ती ऑपरेशनभर डोळ्यांसमोर उघडी हवी, नळीला उलट प्रवाह अडवणारी झडप हवी आणि मेंदूच्या लहरी मोजणारा मॉनिटर कपाळावर हवा. त्याचा आकडा ४० ते ६० च्या दरम्यान ठेवतात.

साठवणीबद्दलही सांगायला हवं. औषधांवर लिहिलेलं 'खोलीचं तापमान' म्हणजे २५ अंशांच्या आसपास, आपल्याकडची मे महिन्यातली खोली नव्हे. प्रोपोफॉल हे तेलाचं दुधाळ मिश्रण आहे, त्यात जंतू लवकर वाढतात. बाटली फोडली की त्या रुग्णालाच वापरायची आणि उरलेलं फेकायचं. पुढच्या पेशंटसाठी ठेवायचं नाही. स्नायू सैल करणारी सक्सामिथोनियम आणि रॉक्युरोनियम फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत.

माझं वजन ११८ किलो. म्हणजे ५९ किलोच्या माणसाच्या दुप्पट भूल लागेल का?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. गॅस कोणता यापेक्षा डोस कोणत्या वजनावर काढला याने जास्त फरक पडतो.

उदाहरण घेऊ. बाई १५५ सेंटिमीटर उंच, वजन ११८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सुमारे ४९. आदर्श वजन: उंचीतून बायकांसाठी १०५ वजा करायचे (पुरुषांसाठी १००), म्हणजे ५० किलो. चरबी सोडून उरलेलं, म्हणजे स्नायू-हाडं-अवयवांचं वजन सूत्राने सुमारे ५३ किलो येतं. 'जुळवलेलं' वजन म्हणजे आदर्श वजन अधिक जादा वजनाच्या ४० टक्के: ५० + २७ = ७७ किलो. एकाच बाईची अशी चार वजनं झाली आणि प्रत्येक औषधाचं वजन वेगळं.

झोप आणायचं प्रोपोफॉल ५३ किलोवर. किलोला २ मिलिग्रॅम धरले तर सुमारे १०६ मिलिग्रॅम. तेच ११८ वर काढलं तर २३६ होतात आणि बीपी कोसळतं. झोप टिकवायचं प्रोपोफॉल मात्र ७७ किलोवर. इथे ५३ धरलं तर भूल उथळ पडते. रॉक्युरोनियम आदर्श वजनावर, नाहीतर ऑपरेशन संपलं तरी स्नायू उठत नाहीत. सक्सामिथोनियम मात्र पूर्ण ११८ किलोवर. फेंटानिल आणि जागेवर टोचायची बधिरतेची औषधं स्नायूंच्या वजनावर.

पंपाबद्दल एक धोक्याची सूचना, खास तरुण भूलतज्ज्ञांसाठी. पंप ज्या गणितावर चालतो त्याला मॉडेल म्हणतात. त्यातलं श्नायडर मॉडेल स्नायूंचं वजन काढायला जे जुनं सूत्र वापरतं, ते लठ्ठपणात उलटं चालतं. याच बाईला ते सुमारे ४० किलो देतं, आणि तिचं वजन १५० असतं तर फक्त २२ किलो दिलं असतं! वजन वाढलं आणि स्नायू निम्म्यावर आले, असं कधी होतं का? ज्या पंपात एलेव्हेल्ड मॉडेल आहे तिथे ते वापरावं. त्यात लठ्ठ रुग्णांची माहिती धरलेली आहे. नसेल तर मार्श मॉडेलमध्ये जुळवलेलं वजन टाकून मेंदूच्या मॉनिटरवर नजर ठेवावी.

नळी टाकताना अडचण येते का?

येऊ शकते. मुख्य अडचण वेळेची. निरोगी सडपातळ माणसाला आधी पूर्ण ऑक्सिजन दिला, तर श्वास थांबल्यावर रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांवर उतरायला सुमारे ८ मिनिटं लागतात. फार लठ्ठ माणसात ३ मिनिटंही मिळत नाहीत.

म्हणून झोपवण्याआधी पाठीखाली, खांद्याखाली, डोक्याखाली चादरींची किंवा तयार उशीची उतरंड करतात. कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरचा खळगा एका आडव्या रेषेत आला, की उंची बरोबर. टेबलाचं डोकं २५ ते ३० अंश वर. मास्क घट्ट धरून तीन ते पाच मिनिटं ऑक्सिजन. तो मास्क गुदमरल्यासारखा वाटतो, पण ढकलू नका, खोल श्वास घ्या. तेवढीच ती शिदोरी असते.

तंबाखू, मिश्री, बिडी बंद केलेली असावी. हलणारा दात किंवा कवळी असेल तर आधी सांगा.

ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग आली तर?

दुर्मीळ आहे, पण कल्पित नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या राष्ट्रीय पाहणीत अशा रुग्णांमध्ये लठ्ठ लोकांचं प्रमाण जास्त आढळलं. कारण साधं: पहिलं इंजेक्शन लवकर उतरतं, नळी टाकायला वेळ लागतो आणि तोवर गॅस पुरेसा चढलेला नसतो. अशा वेळी थोडं प्रोपोफॉल पुन्हा द्यायचं असतं. नातेवाईकांनी हे भूलतज्ज्ञांना शिकवायला जाऊ नये, पण 'जाग येण्यावर नजर कशी ठेवता' हे जरूर विचारावं.

घोरण्याचा आणि भुलेचा काय संबंध?

फार जवळचा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेल्या माणसाला उरलेली थोडीशी गुंगीही पुरते श्वास बंद पडायला, आणि असं बऱ्याचदा थिएटरमध्ये नाही तर वॉर्डात, रात्री होतं.

घरीच मोजा. मोठ्याने घोरता का? दिवसा पेंग येते का? झोपेत श्वास थांबलेला घरच्यांनी पाहिला आहे का? बीपी आहे का? बीएमआय ३५ च्या वर? वय ५० च्या वर? मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त, म्हणजे साधारण १६ ची कॉलर? पुरुष आहात का? आठपैकी पाच किंवा जास्त 'हो' आले तर धोका मोठा. झोपेची तपासणी करून घ्या आणि सांगितलं तर ऑपरेशनच्या काही आठवडे आधी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) सुरू करा.

ते मशीन ऑपरेशनला जाताना सोबत न्यायचं. हवेच्या दाबाने पोटाची शिवण फुटेल या भीतीने ते बंद ठेवू नका, अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. गावाकडे रात्री वीज जात असेल, तर घरी इन्व्हर्टरची सोय आधी करा.

स्नायूंचा सैलपणा पूर्ण उतरला हे कसं कळतं?

मनगटाजवळ मज्जातंतूला चार बारीक झटके देतात आणि अंगठा किती हलतो ते मशीन मोजतं. चौथं हलणं पहिल्याच्या किमान ९० टक्के आलं, तरच नळी काढायची. 'पेशंटने मान उचलली, झालं' एवढ्यावर लठ्ठ रुग्णात भागत नाही. रॉक्युरोनियमचा सैलपणा उतरवणाऱ्या सुगामॅडेक्सची बाटली २०० मिलिग्रॅमची असते. किलोला २ मिलिग्रॅम, पूर्ण वजनावर काढलं तर ११८ किलोला २३६ लागतात. दुसरी बाटली वाचवली आणि मोजलंही नाही, तर अर्ध्या तासाने रुग्ण पुन्हा ढिला पडू शकतो. काही ठिकाणी जुळवलेल्या वजनावर डोस देतात. तसं केलं तर मोजणं आणखी गरजेचं.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवावं: सुगामॅडेक्स दिलं असेल तर पुढचे सात दिवस दुसरं साधन वापरायचं. हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं.

शुगरच्या गोळ्या आणि वजनाची इंजेक्शनं बंद करायची का?

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद, फॅमिली डॉक्टरांना विचारून. या गोळ्यांवर असताना कमी खाणं झालं की शुगर जवळपास नॉर्मल दिसते आणि रक्तात आम्ल साठत जातं. उलटी, धाप, पोटदुखी होते आणि शुगर बरी दिसते म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. लठ्ठपणाच्या ऑपरेशनआधी दोन आठवडे यकृत लहान करायचा कमी कॅलरींचा आहार असतोच, म्हणून इथे धोका जास्त. मेटफॉर्मिनसोबतच्या जोडगोळीतही हे औषध असतं. पाकिटावरचं बारीक नाव वाचा.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडच्या आठवड्याच्या इंजेक्शनांनी पोट उशिरा रिकामं होतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवडाभर आधी थांबवायचा सल्ला दिला होता. २०२४ च्या सल्ल्यात प्रत्येक रुग्णाचा वेगळा विचार करा, मळमळ असेल किंवा डोस वाढवणं चालू असेल तर आदल्या दिवशी फक्त पातळ आहार द्या, शंका वाटली तर सोनोग्राफीने पोट बघा, असं आलं. तुमच्याकडून एवढंच हवं: शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं ते लपवू नका.

उपाशी किती राहायचं?

तळलेलं-तेलकट खाल्ल्यावर आठ तास, हलकं खाल्ल्यावर सहा, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. आदल्या रात्री शेवभाजी किंवा वरण-बट्टी नको. आणि केळं हे घन अन्नच आहे. 'फळ तर आहे, हलकं असतं' म्हणून सकाळी एक केळं खाऊन टेबलावर आलात तर ऑपरेशन सहा तास पुढे जातं. दुधाचा चहा आणि ताक पाण्यात मोजत नाहीत.

गॅसने किडनी किंवा लिव्हर खराब होते का?

भुलेच्या मशीनवर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुन्याचा डबा असतो. सेव्होफ्लुरेन त्यातून फार कमी प्रवाहावर फिरवलं तर एक पदार्थ तयार होतो, ज्याने उंदरांच्या मूत्रपिंडाला इजा झाली. माणसांत तशी इजा सिद्ध झालेली नाही. वाळलेल्या चुन्यात मात्र डेसफ्लुरेनपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. शनिवारी मशीनचा ऑक्सिजन चालू राहिला तर सोमवारी पहिल्या केसआधी डब्यातला चुना बदलायचाच. लिव्हरला घातक ठरलेलं हॅलोथेन हे जुनं औषध होतं.

नंदुरबार-साक्रीकडच्या रुग्णांसाठी काही वेगळं?

सिकल सेलची (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी आधी झालेली असावी. कार्ड असेल तर सोबत आणा. वाहक असलेल्यांना बहुधा अडचण येत नाही. आजार असेल तर थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजन घटणं या तिन्ही गोष्टी टाळायच्या. गरम हवेचं पांघरूण आणि सलाईनचं नियोजन आधीच ठरवावं लागतं.

घरात कुणाला भुलेत एकदम ताप चढून स्नायू ताठ झाले होते, असं ऐकलं असेल तर तेही सांगा. अशा कुटुंबात तिन्ही गॅस आणि सक्सामिथोनियम वर्ज्य, भूल प्रोपोफॉलवरच.

नाशिक, सुरत किंवा मुंबईला ऑपरेशन करून गाडीने परत कधी यायचं?

सर्जन सोडतील तेव्हाच. दर तासा-दीड तासाला उतरून चाला, घोटभर घोटभर पाणी घेत राहा, पोटऱ्यांत गाठी होऊ नयेत म्हणून दिलेली इंजेक्शनं चुकवू नका. सीपॅप पहिल्या रात्रीपासून लावायचं.

भूलतज्ज्ञांना नेमकं काय विचारावं?

गॅस की प्रोपोफॉल हे दुसरं. आधी विचारा: डोस कोणत्या वजनावर काढणार? स्नायूंचा सैलपणा मशीनने मोजणार का? रात्री ऑक्सिजनकडे कोण बघणार, आणि ते वॉर्डात की आयसीयूत? या तिन्हींची उत्तरं अडखळल्याशिवाय आली, तर गॅसची निवड त्यांच्यावर सोडायला हरकत नाही.

आणखी एक. भूल उतरताना माणसाशी त्याच्या आईच्या भाषेत बोललेलं बरं. परगावच्या थिएटरमधल्या लोकांनी हिंदीत 'आंखें खोलो' म्हटलेलं आजीपर्यंत पोहोचलं नाही, तर उत्तर आलं नाही म्हणून नळी उगाच जास्त वेळ राहू शकते. आजी घरी आहिराणी बोलत असेल तर तसं भूलतज्ज्ञांना सांगा, आणि 'डोया उघाड' हे दोन शब्द कागदावर लिहून फाईलला लावा.